पाणी नाही म्हणणारं यंत्र

आमच्या कंपनीला एक गिऱ्हाईक हवं होतं. एकच. पुण्याहून उसना आणलेला कॉम्प्युटर उन्हाळ्याअखेर परत द्यायचा होता. तोवर कुणी लेखी ऑर्डर दिली, तर त्याचे मालक, म्हणजे मित्राचे मेहुणे, तो राहू देणार होते. कंपनी म्हणजे मित्र आणि मी. तो पुण्यात शिकून आलेला, प्रोग्रॅम लिहिणारा. मी चळवळीची पत्रकं लिहून हात बसलेला. गिऱ्हाइकं शोधायचं काम माझ्याकडं आलं, तिथंच चुकलं.

आमचा प्रोग्रॅम बोअर कुठं घ्यावा ते सांगायचा. त्यातली अक्कल माझ्या चुलत्यांची. काका पाणाडे, लोकांची रानं तुडवून पाणी दाखवण्यात त्यांची हयात गेली. मित्र सहा महिने वही घेऊन त्यांच्यामागं हिंडला. उंबर कुठं, वारूळ कुठं, मुरूम किती हातांवर, शेजारच्या विहिरीचा झरा कुठल्या अंगानं. प्रत्येक ठिकाणी 'का?' विचारायचा. काका वैतागायचे, "का म्हंजी? दिसतंय की." तरी सांगायचे. ते सगळे नियम मित्रानं यंत्रात घातले.

काकांची अट एकच होती. "न्हाय म्हणू नगा. मला इथं दिसत न्हाय, असं म्हणावं." पाणी नसलं की ते स्वतः तेवढंही बोलायचे नाहीत. पाणी बघायला तळहातावर धरलेला नारळ पिशवीत टाकायचे आणि पुढं आलेला चहा न घेता उठायचे. घरधनी काय ते समजायचा. मला ही लबाडी वाटली. बाया टँकरमागं घागरी घेऊन पळतायत आणि आपण शब्द चघळत बसायचं? मी मित्राला सरळ लिहायला लावलं: पाणी नाही.

आधी कळंबला बोअरगाडीच्या एजंटाकडं गेलो. मी खास पत्रक छापून नेलं होतं, 'कोरड्या बोअरची लूट थांबवा'. त्यानं ते शांतपणे वाचलं, घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"पोरा, आमचा धंदा फुटावर हाय. पाणी लागो न लागो. तू मलाच शिव्या छापून आणल्यास, अन् वर म्हणतूस इकत घ्या."

बाहेर आल्यावर मित्रानं ते पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला परतीच्या भाड्याचा हिशेब मांडला.

उरली एक सहकारी संस्था. ती सभासदांच्या रानांत बोअर पाडून देणार होती. काकांच्या वाकळेत कॉम्प्युटर गुंडाळून आम्ही तिघं एस.टी.त बसलो.

"टीव्ही हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"कॉम्प्युटर."

"मग त्याचंबी तिकीट घ्या. शिकल्यालं दिसतंय."

संस्थेत चेअरमन आणि संचालक खुर्च्या ओढून बसले. मित्रानं 'कृत्रिम बुद्धी' म्हणताच चेअरमन हसले. "आमच्याकडं खरीच लई पडून हाय. बरं, माझ्याच रानाचं विचारा त्याला."

काका माझ्या कानाशी आले. "ते रान म्या बघितलंय. यंत्र बिघडलं म्हणून सांग, अन् चल."

मी ऐकलं नाही. यंत्रानं प्रश्न विचारले, चेअरमननी उत्तरं दिली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: पाणी नाही. संचालकांपैकी कुणी पडद्याकडं बघेना, कुणी चेअरमनकडं.

"आठ दिवसांत तिथंच बोअर घेतो," चेअरमन म्हणाले. "तुमीबी या नारळाला."

घेतला. आणि पाणी लागलं. गुलाल उधळला, फोटो काढला. यंत्र खोटं बोलतं, हे आम्ही घरी पोचायच्या आत गावोगाव पोचलं होतं. काका एवढंच म्हणाले, "कपारीत साचल्यालं पाणी हाय. आठ दिस टिकलं तर लई."

नवव्या दिवशी पंप नुसती हवा ओकू लागला. मी तडक संस्थेत गेलो. म्हटलं, आता तरी ऑर्डर द्या, यंत्र खरं ठरलं.

"कुठं आटलंय?" चेअरमन म्हणाले. "मोटार जळलीय. वायंडिंग भरायला दिलीय."

मोटार भरून आली नाही. संस्थेनं बाकीचे बोअर चेअरमनच्या माणसांच्या रानांत, चेअरमन बोट दाखवतील तिथं घेतले. एकाही सभासदानं तोंड उघडलं नाही. सहकार म्हणतात याला.

मित्र कॉम्प्युटर घेऊन पुण्याला गेला. वाकळही त्याच्यासोबत गेली. तिकडं त्यानं नोकरी धरली. पत्र येत नाही, आणि लिहायला माझ्याकडंही काही नाही.

काकांना मात्र कुठं जायचं? खोट्या यंत्राचा म्हातारा म्हणून त्यांना बोलावणं बंद झालं. दोन महिने एकही रान नाही. परवा ते घरी आले, पिशवी मांडीवर घेऊन बसले. आईनं चहा पुढं ठेवला. मी मान खाली घालून विचारलं, "काका, पुढं कायतरी होईल का हो?"

त्यांनी पिशवी उचलली, चहा तसाच ठेवून उठले, आणि चपला घालून निघून गेले.