टॉवेलाखालची बाटली

दादाच्या पोटातलं पाणी काढून झालं की बाटली न्यायला मामा यायचे. वॉर्डातल्या त्या शिपायाला सगळे मामाच म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावरचा टॉवेल ते आधी बाटलीवर टाकायचे आणि मग दादाला म्हणायचे, "हलकं वाटायलंय ना? व्हय, वाटणारच."

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं, त्या दिवशीही ते छावणीतल्या घरून चालत आले. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, की जठराचा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलाय आणि तिथली सूजच त्याला पसरायला मदत करतेय. मला कळेना. सूज तर बरं करायला येते ना?

मामा मेंढपाळाच्या घरातले, आणि न विचारता बोलायची त्यांना खोड. दादाच्या उशाशीच बोलले, "रानात मेंढरं बसवतेत ना, तसं हाय. लेंड्यांनी रान ताकदीचं होतं. मग पीक बी जोरात येतं अन् तण बी. सुजेनं रान तयार केलंय, आजार तणागत उगवायलाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. समजलं, म्हणूनच आला.

दादा ऐकत होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात नुकताच कायम झालेला माझा भाऊ. तो हळूच म्हणाला, "मग उठवा की मामा मेंढरं."

मामा खाटेखाली वाकले. मग बाटली उचलून निघाले. टॉवेल खांद्यावरच राहिला होता. ते लालसर पाणी दादानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.