साबुदाण्याचा नवस

मी नवस बोलले होते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर जहाजावरून फोन करकरून त्याने माझी टर उडवली असती. तो मरीन इंजिनीअर, अर्धं वर्ष पाण्यावर. मी इथे सिंगापुरात, नोव्हेनाला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, सकाळी निघते ती संध्याकाळीच उगवते. मग पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये उरतं कोण, तर तिसरीतली आमची लेक आणि घरीच राहून सगळं बघणारी आमची हेल्पर. लेक तिला आंटी म्हणते, ती मला मॅम म्हणते, आणि घर चालतं ते तिच्यामुळे. हे मी चारचौघांत अगदी अभिमानाने सांगायची. आता सांगवत नाही.

ती इंडोनेशियातल्या एका टीचभर बेटावरची. तिथे शाळा सहावीपर्यंत. पुढे शिकायचं तर बोटीने मोठ्या बेटावर जाऊन राहायचं, नाहीतर बसायचं सागू धुवत. सागू म्हणजे माडासारखं एक झाड. त्याचं खोड फोडायचं, आतला गर किसायचा, पाण्यात घालून पायांनी तुडवायचा आणि तळाला बसलेलं पीठ वाळवून त्याचे दाणे करायचे. आपण साबुदाणा म्हणतो ना, तो मूळचा हाच. आपला हल्ली कंदाचा असतो, पण मी लिटिल इंडियातून पहिल्यांदा पुडा आणला तेव्हा तिने तो हातात घेतला, "सागू!" म्हणाली आणि पटकन खाली ठेवला. तिच्या गावी ते गरिबांचं खाणं. ज्यांना तांदूळ परवडत नाही, त्यांचं. मला मेलीला गंमत वाटली. पुढे दर संकष्टीला तीच मला खिचडी करून द्यायला लागली.

जूनमध्ये तिची लेक सहावी पास झाली. नवरा केव्हाच कुठेतरी दुसरा संसार थाटून बसलेला, पोर आजीपाशी वाढलेली. हेल्परच्या मनात पक्कं होतं: मोठ्या बेटावर एक खोली घ्यायची, तिथेच एखाद्या दुकानात काम धरायचं आणि पोरीला शाळेत घालायचं. पोर मात्र तयार नव्हती. आजीला सोडून ती हलायला मागत नव्हती.

"मी जाऊन तिला समजावते, मॅम," ती म्हणाली. "तिनं ऐकलं तर मी परत येणार नाही. नाही ऐकलं तर येते."

इतकं सरळ सांगितलं बाईने. आणि मी? तोंडाने म्हटलं, "अगं, पोरीनं शिकायलाच हवं!" आणि आत जाऊन गणपतीपुढे हात जोडले. बाप्पा, ती परत येऊ दे, एकवीस उकडीचे मोदक वाहीन. पोर शिकू नये असं काही मी मागितलं नाही हं! फक्त तिची आई परत यावी एवढंच मागितलं. माणूस स्वतःशीसुद्धा किती सोयीने बोलतं.

वर "लेकीला सुट्टी आहे, जरा खेडं बघू दे" असं सांगून मी तिच्याबरोबर निघाले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही. फेरी, मग दुसरी बोट, मग कुणाच्या तरी मासेमारीच्या होडीत बसून पोचलो. पाण्यात खांब रोवून उभी केलेली घरं, फळ्यांच्या वाटा, जिकडेतिकडे वाळत घातलेली सुकट. वीज संध्याकाळपुरती. फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला, म्हणून सगळं गाव तिथे. गाव म्हणजे म्हातारी माणसं आणि पोरंटोरं. मधल्या वयाची माणसं आमच्यासारख्यांच्या घरांत, नाहीतर कारखान्यांत.

पोर गोड होती. शेलाटी, बोलकी. शाळेतलं मोडकंतोडकं इंग्लिश बोलत तिने तासाभरात माझ्या लेकीला खेकडे धरायला शिकवलं. संध्याकाळी आई तिला धक्क्यावर घेऊन गेली आणि दोघी खूप वेळ बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पोर नवी बॅग पाठीला लावून आजीपुढे मिरवतेय! बॅग मीच घेऊन दिलेली, लिटिल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून. हेल्परने माझ्याकडे बघून मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. मी हसले खरी, पण आता माझं कसं होणार, एवढंच माझ्या डोक्यात.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. दुपारी आजीने चटईवर पानं मांडली. पाहुणी आलीय म्हणून मुद्दाम होडीने तांदूळ मागवलेला, नारळाच्या रसातले मासे, सगळं साग्रसंगीत. शेजारपाजारच्या बायकाही येऊन बसलेल्या. आणि मी शहाणीने काय करावं? मला त्यांची भाषा कळते बरीच, बोलता मात्र स्वयंपाकघरापुरती येते, तेवढी पाजळत मी आजीला म्हटलं, आज माझा उपास आहे, भात नको, मासे नकोत. सागू आहे का? तुमची लेक मला घरी करून देते तोच!

माझी अपेक्षा होती, म्हातारी खूश होईल. एवढी सिंगापूरची बाई आणि आमचं खाणं मागते! म्हातारीचा चेहरा खर्रकन उतरला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी लेकही कमी नाही. ती उत्साहाने म्हणाली, "Auntie make very nice one, lah! Every month!"

पोरीला ते कळलं. तिने आईकडे वळून विचारलं, "आई, तू तिथेसुद्धा सागूच करतेस?"

हेल्परने घाईघाईने सांगायचा प्रयत्न केला. मॅमचा उपास असतो, हे त्यांच्या देवाचं खाणं आहे.

"मग आपला रोजच उपास," पोर म्हणाली. बायका हसल्या. ती हसली नाही. "तू म्हणायचीस, शिकलं की हाताला सागूचा वास येत नाही. मॅम एवढ्या शिकल्या, त्या सागूच खातात. तू एवढ्या लांब गेलीस, सागूच करतेस. मग मी इथेच आजीजवळ करते की."

तिने बॅग काढली आणि खुंटीला अडकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ताट ओढलं आणि भात-मासे खायला लागले. तापातसुद्धा न मोडलेला उपास मी त्या चटईवर बसून मोडला. घासामागून घास घेत होते, आणि "शाळा चांगली, शाळा चांगली" असं काहीतरी पोरीला सांगत होते. ती ऐकूनही घेईना. आजीने तिला जवळ ओढलं.

मुद्दाम केलं का मी? नाही. देवाशप्पथ नाही. पण खुंटीवर बॅग लागली ना, त्या क्षणी, त्या सगळ्या लाजेच्या तळाशी, मला हायसं वाटलं. तेच लपवायला मी भराभरा जेवत होते. याची लाज मला वाटते, बाकी सगळं एक वेळ गाढवपणात मोडेल.

पुढचे दोन दिवस आईने समजावलं, रागावली, रडली. पोर हटली नाही. परत येताना फेरीत हेल्पर माझ्या लेकीची वेणी घालत बसली होती.  मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे बाप्पाने माझा मोडलेलाच उपास गोड मानून घेतला. नवस काही दिवस मी तसाच ठेवला, पण देवाचं देणं, मनाला खायला लागलं. आणि आमच्याकडे मोदकाला कळ्या पाडता येतात कुणाला? मला नाही. तिलाच. ती ओट्यापाशी उभी राहून एकेक मोदक वळत होती, मी उकड मळून देत होते.

"कसला नवस, मॅम?" तिने विचारलं.

"हिच्या परीक्षेचा," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. जरा वेळाने, थोडं हसत, थोडं संकोचत म्हणाली, "माझ्या लेकीसाठी पण एक करू? पुढच्या वर्षी तरी शाळेत जावी म्हणून. चालेल तुमच्या देवाला?"

"चालेल की. कर ना," मी म्हटलं.

तिने एक मोदक केला, बाकीच्यांहून नीट, आणि तो कडेला वेगळा ठेवला. वाफवून झाल्यावर मी तोही माझ्या एकविसांच्या ताटात ठेवला आणि देवासमोर नेला. ती मागे ओढणी सारखी करून उभी होती. मला हातच जोडवेनात.