सुगंधाबाईंचा तिसरा नकार

आमच्या गावात ताप आलेल्या माणसानं उपकेंद्रात जाताना घरातली शिकती पोरगी सोबत नेऊ नये. गोळी मिळायला उशीर होतो. सुगंधाबाई सिस्टर पेशंटच्या काखेत थर्मामीटर खोचतात आणि पोरीकडं वळतात, "बारावीत हायेस ना? सायन्स का आर्ट्स?" झालं. पेशंट बसतो काख आवळून.

"सायन्स असल त बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दे. आर्ट्स असल त जीएनएमचा डिप्लोमा. कॉलेजची बिल्डिंग नको पाहू, नर्सिंग कौन्सिलची मान्यता हाय का ते पाह्य. जातपडताळणी आत्ताच टाक, अॅडमिशनच्या टायमाले रडू नको. पास झाली का पयले नोंदणी, मंग मोठ्या दवाखान्यात दोन वर्सं वार्ड. हात बसला का पोस्ट बेसिकच्या डिग्रीले जाय. एका खुर्चीवर म्हातारी होऊ नको!"

हे ज्या खुर्चीवरून सांगायच्या, तिच्यावर बाई स्वतः वीसेक वर्षं बसल्या होत्या.

आरमोरीच्या पुढं जंगलात शिरलेलं हे गाव. बाई इथं एएनएम, म्हणजे गावची नर्स, म्हणून आल्या तेव्हा त्यांची पिशवी दिसली की बाया दारं लावून घेत. आता पोरीचं लग्न जमवायचं तरी आधी बाईंना विचारतात, आणि बाई म्हणतात, "अठरा झाले का? मंग लग्नाचं काऊन विचारता, जीएनएमचं विचारा!"

स्वतःच्या बढतीचं मात्र त्यांना कोणी विचारलेलं चालत नसे. आरोग्य सहायिका व्हायचं तर नागपूरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण. दोनदा बाईंचं नाव लागलं, दोनदा त्यांनी लेखी नकार दिला. यंदा तिसऱ्यांदा लागलं, आणि तालुक्याच्या साहेबांनी बजावलं, आता नाही म्हणालात तर पुन्हा नाव येणार नाही. सोमवारी हजर व्हायचं होतं. बाईंनी नकार लिहायला घेतला. कारण तयार होतं : बुधरी. पहिलटकरीण, आणि दिवस भरत आलेले. "मंडईच्या आधीपासून," असं तिनं सांगितलेलं. आमच्याकडं बाया महिने अशाच मोजतात, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, मग संक्रांत, मग मोहफूल.

शनिवारी बाई बांधीवर, भाताच्या शेतावर, गेल्या. रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, उपकेंद्राकडं कोणी फिरकत नाही, म्हणून बाईच चिखल तुडवत शेताच्या कडेच्या धुऱ्यावर येतात. बुधरी धुऱ्यावर बसून रोवणाऱ्या बायांना परे म्हणजे भाताची रोपं काढून देत होती. शेजारी मोनाली होती. तीही एकेकाळी आजोबांच्या तापापायी बाईंच्या तावडीत सापडलेली. आज गडचिरोलीच्या दवाखान्यात स्टाफ नर्स. रोवणीसाठी रजा काढून आलेली.

मोनालीनं हात धुतले, बुधरीला गवतावर निजवलं आणि पोट तपासलं. एकदा तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं.

"बुधरी, खरं सांग. मंडईच्या आधी का संक्रांतीच्या मंग?"

बुधरी हातातल्या पऱ्यांकडं पाहत म्हणाली, "संक्रांत."

बांधीत रोवणाऱ्या बायांचं गाणं बंद पडलं. बायनाबाई, गावातली जुनी सुईण, कंबर सरळ करत पुढं आली. "पोरीले नको बोलू. आमीच शिकवलं तिले. दिवस भरले म्हटलं का बाई कुठी जात नाई."

मोनाली सुगंधाबाईंकडं वळली. "अन् बाई, तुमचा हात लागला असल ना पोटाले? तुमाले नाई समजलं?"

बाई पायाचा चिखल काडीनं काढत राहिल्या. "समजलं व्हतं."

"मंग?"

"मंग काय! आता या वयात पोरींच्या संगं बाकावर बसून पेपर लिहू?" काडी मोडली. "अन् माह्याशिवाय इथी सगळं बरं चाललं त? त्याचंच जास्त भेव वाटते मोनाली."

मोनालीचा आवाज खाली आला. "बाई, या तारखेवरून उद्या मोठ्या दवाखान्यात दिवस उलटून गेले म्हणतील. वेळेच्या आधीच बाळंतपण करतील. लेकराचं काय?"

बाईंनी बुधरीला हात देऊन उठवलं, तिच्या पाठीचं गवत झटकलं. "सोनोग्राफीले दोनदा गेली नाईस. मंगळवारी मोनालीसंगं जाशील. नाई गेली त पाह्य."

"तुमी नाई येत?"

"मी कशी येऊ? मी सोमवारीच चालली ना."

सोमवारी एसटीजवळ गुडघाभर चिखलाच्या सगळ्या बाया जमल्या. बदली सिस्टर शेजारच्या गावाहून येणार होती. तिला न पाहताच तिची निंदा सुरू झाली होती. बाई खिडकीतून ओरडून सांगत होत्या, "ते गोड हाय, तिले त्रास नका देऊ!"

गाडी सुरू झाली. बुधरी पोट सांभाळत खिडकीशी आली. "बाई, नापास झाल्या त लवकर वापस याल का?"

"नाई वो! नापास झाली त आनखी ठेवून घेतील!"

बुधरी खिडकीतलं बाईंचं बोट घट्ट धरून म्हणाली, "मंग पास व्हा लवकर!"