मिलिंदने लावलेलं कुलूप

दुपारी ऑफिसात डबा खाऊन मी नुकती खुर्चीत टेकले होते, तेवढ्यात वेंकटचा फोन आला. वेंकट माझ्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा, दोस्त. दोघं एकाच कंपनीत. मला तो अक्का म्हणतो आणि आमचं बोलणं हैदराबादी हिंदीत चालतं. "अक्का, जल्दी आ जाओ. मिलिंदकू कुछ हो गया," एवढंच तो बोलला, आणि काय झालं असेल ते त्याच्या आवाजावरूनच कळलं. मिलिंद मीटिंगमधून पाणी प्यायला उठला आणि तिथेच कोसळला. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं... ऐन चाळिशीतला माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. थोरल्यांनी आधी जायचं असतं, एवढा साधा क्रमही त्याने पाळला नाही. मी त्याच्यावर चिडले होते आणि हे लिहितानाही चिडलेलीच आहे.

मिलिंद नेमकं काय करतो हे आमच्या नातेवाइकांत कुणालाच सांगता यायचं नाही. 'कंप्युटरमध्ये आहे' एवढ्यावर गाडी थांबायची. पगाराची नोकरी होतीच, पण त्याचा जीव होता तो घरी बसून वर्षानुवर्षं लिहिलेल्या एका लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. पासवर्ड जपणं, फायली कुलूपबंद करणं असली नाजूक कामं इतर प्रोग्रामरांनी चुकतमाकत स्वतः लिहिण्यापेक्षा हा संच उचलावा आणि आपल्या सॉफ्टवेअरला जोडावा, तोही फुकट. 'मला कळेल असं सांग' म्हटल्यावर एकदा तो स्वयंपाकघरातून मसाल्याचा डबा घेऊन आला. आई बेगम बाजारातून मिरच्या-धणे आणून मसाला कांडून घ्यायची, तो. "ताई, यातून मला अख्खी मिरची परत काढून दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बस, हेच हॅशिंग. पासवर्डची अशी पूड करायची आणि पूडच ठेवायची. चोराने पळवली तरी त्याला पासवर्ड मिळत नाही. तोच पासवर्ड पुन्हा कांडला तर तीच पूड पडते, त्यावरून मालकाची ओळख पटते." आणि हे कांडणं त्याने मुद्दाम संथ ठेवलं होतं. खऱ्या मालकाला क्षणभर थांबायला काही वाटत नाही, पण पासवर्डमागून पासवर्ड लावून बघणारा चोर मेटाकुटीला येतो. हे सांगताना तो असा खुलला होता की मी चहा गार होऊ दिला.

एका संध्याकाळी मात्र त्याला फार उदास पाहिलं. कुठल्यातरी परक्या देशातल्या बाईने त्याला लिहिलं होतं. तिचा नवरा गेला होता, मुलाचे फोटो त्याने मिलिंदच्या लायब्ररीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने कुलूपबंद केले होते आणि पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता. काहीतरी वाट काढा, म्हणून ती विनवत होती. मी म्हटलं, "अरे, एखादी चोरवाट ठेवायची होतीस अशा वेळेसाठी." तो म्हणाला, "ताई, चोरवाट चोरालाही सापडते." त्या बाईला त्याने काय उत्तर लिहिलं ते मी विचारलं नाही. जेवला नाही एवढं आठवतं.

आमचे बाबा नांदेडकडच्या खेड्यातून रेल्वेच्या नोकरीला इथे हैदराबादला आले आणि गौलीगुड्यातल्या एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. गावात काय सोसलं, कोणत्या विहिरीवरून कुणी हाकललं, यातलं त्यांनी आम्हाला अक्षरही सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षी मात्र ते मिलिंदपाशी बोलायला बसले. तो फोनवर रेकॉर्ड करत गेला. गावातली माणसं त्यात नावानिशी होती, आईबद्दलचंही पुष्कळ होतं. "हे बाहेर जाऊ देऊ नको," असं बाबांनी बजावलं होतं. मिलिंदने ते शब्दशः पाळलं. सगळं एका डिस्कवर घेतलं, कुलूप लावलं, फोनवरचं पुसून टाकलं. डिस्क बिघडली तर, म्हणून दुसरी प्रत वेंकटच्या घरी ठेवली, तिलाही तेच कुलूप. बाबा गेल्यावर दर रविवारी दुपारी बरकतपुऱ्यातल्या त्याच्या घरी आम्ही जमायचो. तो पासवर्ड टाइप करायचा आणि आईला बाबांचा आवाज लावून द्यायचा. आईला आता दिसत नाही. तिचा आठवडा त्या एका तासासाठी असायचा.

मिलिंदच्या बायकोने, सुजाताने, त्याला पासवर्ड विचारला होता. "सांगतो गं एकदा नीट बसून," असं तो म्हणायचा. कंपन्यांना हाच माणूस बजावायचा की किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका. चोर येईल, आग लागेल, डिस्क मरेल, सगळ्याचा विचार त्याने करून ठेवला होता. आपण मरू, हा तेवढा राहिला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि पहिल्याच रविवारी आई मिलिंदच्या खोलीत जाऊन बसली. "लावा की गं," म्हणाली. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. मग मी आणि सुजाता त्याच्या टेबलाशी बसायला लागलो. बाबांच्या गावाचं नाव घातलं. सुजाताचं माहेर, आमची शाळा, गौलीगुड्याच्या गल्लीतला त्याचा लाडका कुत्रा. भांडणात मी त्याला द्यायची ती शिवीसुद्धा घालून पाहिली, आणि दोघी रडता रडता हसलो. प्रत्येक वेळी मशीन थोडं थांबायचं. ते थांबणं त्याचंच, त्यानेच लिहिलेलं. त्या क्षणात दर वेळी आशा वाटायची आणि मग 'चूक' असं उमटायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तरी खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला बऱ्या वाटत होत्या. आम्ही त्याचं सगळं आयुष्य शब्दाशब्दाने आठवत होतो, आणि यातलाच एक शब्द तो असणार अशी माझी खात्री होती.

शेवटी वेंकटला बोलावलं. आम्ही काय काय लावून पाहिलं ते त्याने ऐकून घेतलं. "अक्का, नक्को करो अब," तो म्हणाला. "उसका पासवर्ड ऐसा नहीं रहता था."

"मग कैसा रहता था?"

"लूडोका पासा फेंकके शब्द चुनता था. जो नंबर आया, लिस्टमेंसे उस नंबरका शब्द. ऐसे कितने तो शब्द, एक के पीछे एक. बोलता था, आदमीकू जो प्यारा है वो सब लोगां जानते. प्यारका कुछ भी नक्को डालो."

सुजाता उठून आत गेली. म्हणजे आम्ही आठवून आठवून घातलेलं एकूण एक नाव त्याने आधीच बाजूला काढलेलं होतं. मी त्याला जितकी जवळून ओळखत होते, तितकी त्या कुलपापासून लांब होते... आपल्या माणसाच्या बाबतीत याहून क्रूर गोष्ट मला ठाऊक नाही.

आईला मी खरं ते सांगितलं. तिने विचारलं, "म्हंजी आता कधीच नाही?" मी कधीच नाही म्हटलं. ती रडली नाही. मुलाच्या वेळी तिचं रडून झालं होतं.

तरी रविवारी मी जाते. आई मिलिंदच्या खुर्चीत बसते, मी पलंगावर. मागच्या खेपेला ती एकदम म्हणाली, "तुझ्या बाबाचा आवाज मला आठवंना झालाय गं." लग्नानंतर पहिल्यांदा हैदराबादला उतरल्यावर गर्दी बघून ती घाबरली होती, तेव्हा ते काहीतरी म्हणाले होते. शब्द तिला आठवत होते, ते तिने मला सांगितलेही, पण आवाज येत नव्हता. "तू त्यांच्यावाणी म्हणून बघ बरं."

मी म्हटलं, "भिऊ नको, मी हाय की."

आईने कान दिला, थोडं थांबली आणि मान हलवली. "नाही, असं नाही."

मी आवाज खाली नेऊन, सावकाश, पुन्हा म्हटलं. ती पुन्हा थांबली.

"नाही," ती म्हणाली. "अजून एकदा म्हण."