कंबरेला बांधलेली हवा

बी.एस्सी. झालो त्या वर्षी माझ्या अंगात विज्ञान इतकं भिनलं होतं, की घरात चहा उकळला तरी मी बाष्पीभवन समजावून सांगायचो. मोठी माणसं उठून जात. उरत ती पलूसजवळच्या आमच्या मळ्यात उन्हाळ्याच्या सुट्टीला जमलेली पोरं.

फौजेतला थोरला भाऊ तेव्हा रजेवर आला होता. चार दिवसांनी परत निघायचं, आणि त्याआधी त्याला आपल्या दहा वर्षांच्या लेकीला विहिरीत पोहताना बघायचं होतं. बाकीची पोरं तोंड झाळून बंद केलेला तेलाचा डबा पाठीवर बांधून धडाधड उड्या मारत होती. ही मात्र पायरीवरून हलेना.

"रिकाम्या डब्याच्या भरवशावर मी न्हाई उतरणार."

मी सरसावलोच. अगं, डबा रिकामा नसतोच! मोळीत आवळलेला ऊस म्हणजे घन, जागा सोडत नाही. पाटातलं पाणी म्हणजे द्रव, वाट मिळेल तिकडं वळतं. आणि वायू म्हणजे शाळा सुटल्यावरची तुम्ही पोरं, दार उघडलं की गावभर. तो वायू या डब्यात कोंडलाय. सगळी जागा अडवून बसलाय, पाण्याला आत शिरू देणार नाही.

"आवं काका, मग तुमीच उतरा की आदी."

मला पोहता येत नव्हतं. हे फक्त भावाला ठाऊक होतं, आणि तो पाण्यातल्या पायरीवर उभा राहून मिशीत हसत होता. "व्हय गड्या, दाव की."

आता माघार कशी घ्यायची? पोरं डबा नेमकी पाठीवरच का बांधतात, हे मी कधी बघितलं नव्हतं. माझं शास्त्र निराळं. माणूस कंबरेत जड, तेव्हा डबाही कंबरेलाच हवा. बांधला आणि उतरलो.

हवेनं आपलं काम चोख केलं. कंबर वर आली, डोकं खाली गेलं. भावानं दंडाला धरून पायरीवर आणून टाकलं, तेव्हा माझ्या नाकातोंडातून द्रव पदार्थ वाहत होता आणि पोरं हसून लोळत होती.

ती एकटी हसत नव्हती. तिनं माझ्या कंबरेचा डबा सोडला, कानाशी नेऊन हलवला. आत थेंब नव्हता.

"काका बुडलं, पर डबा न्हाई बुडला," ती बापाला म्हणाली. "आबा, माज्या पाठीला बांदा. वर, खांद्याजवळ."

पुढं मी कितीतरी वर्षं वर्गात वायू शिकवला. इतका परिणामकारक तास पुन्हा झाला नाही, आणि पुन्हा घ्यायची माझी तयारीही नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी भावाला एसटीत बसवायला आम्ही सगळे गेलो, तेव्हा तिच्या वेण्यांतून पाणी निथळत होतं. डबा मात्र विहिरीच्या काठावर कोरडाच राहिला होता.