न बुडालेल्यांची मोजणी

हेमराज भंगाळे यांनी उभी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काढली. निवृत्त होऊन ते रावेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातल्या शेततळ्यात सालदार गड्याचा मुलगा पाय घसरून पडला. तळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. वर चढायला पोराला धरायला काहीच नव्हतं. हेमराजभाऊंनीच त्याला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता.

भाऊ स्वतः लहानपणी तापीत पोहायला शिकलेले. त्यांच्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना. केळीसाठी आपण शिवारभर तळी खोदली, पण पोरांना पोहायला कोणी शिकवलं?

त्यांनी जळगावच्या एका सेवाभावी संस्थेचं दार ठोठावलं. तिथल्या नूतनताईंनी सगळं ऐकून घेतलं. दोर, ट्यूब, सुरक्षेचं सामान द्यायचं ठरलं, तेही तीन उन्हाळ्यांपुरतं.

"आणि आम्ही गेल्यावर काय उरलं, ते बघायला मी त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा येईन," नूतनताई म्हणाल्या.

"बघाल काय? कोणी बुडालं नाही, हे मोजणार कसं?" भाऊ उसळून म्हणाले.

"ते मलाही अजून कळलेलं नाही," त्या हसल्या. "तेव्हा दोघं मिळून शोधू."

भाऊंनी गावातल्या एका तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले आणि पोहण्याचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी मुलगे ढिगाने आले. मुलगी एकही नाही. आयाबाया लांबूनच बघत होत्या. पोरीची जात आणि पाण्यात उतरायचं? भाऊंनी समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग एका सकाळी त्यांच्या पत्नी मंदाबाई सुनेचा पंजाबी ड्रेस घालून तळ्यावर हजर झाल्या. वय पन्नाशीच्या पुढचं. आयुष्यात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नाही.

"मले शिकवा आधी," त्या म्हणाल्या आणि दोराला धरून सरळ पाण्यात उतरल्या.

काय हलकल्लोळ झाला! मंदाबाई किंचाळत होत्या, हसत होत्या, पाणी गिळत होत्या. काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसून लोटपोट झाल्या. पण आठवडा संपायच्या आत मंदाबाई तळं आडवं पार करून गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींची रांग लागली. त्यात बारावी झालेली मयुरी नावाची एक होती. इतकी भित्री, की भाऊंचा हात सोडायला तिने अख्खा उन्हाळा घेतला.

तीन उन्हाळे झाले, संस्थेची मदत थांबली. चौथ्या वर्षी भाऊंनी वर्ग स्वतःच्या हिमतीवर चालवला. पाचव्या वर्षी मोटारसायकलवरून पडून त्यांचा खांदा मोडला आणि वर्ग भरलाच नाही. नेमका त्याच मे महिन्यात नूतनताईंचा फोन आला, "उद्या येते."

भाऊंनी घाईने विचारलं, "पोरं गोळा करून ठेवू का?"

"नको. आणि भाऊ, तुमच्या गावातही नको. तुम्ही जिथे कधीच शिकवलं नाही, अशा गावाला जाऊ."

"तिथे काय डोंबल दिसणार?"

तरी ते गेले. संस्थेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. सातपुड्याच्या बाजूला एका गावाच्या शिवारात पहिलं शेततळं लागलं, तशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तळ्याच्या चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले होते. पडलेल्या माणसाला धरून वर येता यावं, असे. भाऊ त्या गाठींकडे बघतच राहिले. ही त्यांचीच पद्धत होती.

पुढच्या तळ्यावर नुसता गोंगाट होता. पाच-सहा मुली आणि तीन-चार बाया पाण्यात. ट्यूब एकही नाही. केळीची खोडं कापून, दोन-दोन एकत्र बांधून त्यांनी तराफे केले होते आणि त्यांना धरून पाय मारणं चाललं होतं. दहावीतली एक मुलगी सगळ्यांवर ओरडत होती.

"भूमिका, कोणी आलंय गं," कोणीतरी म्हणालं.

भूमिकाने वळून पाहिलं. "आबा, कडेला उभे नका राहू, कागद निसरडा आहे. पोहता येतं का तुम्हाला?"

नूतनताई काही बोलणार, तोच भाऊंनी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "शिकवशील?"

"मग या की! दोर धरा. हळू. आता हे खोड छातीशी घ्या. घाबरू नका, मी आहे ना."

आणि हेमराज भंगाळे, तापीच्या पुरात उड्या मारलेला माणूस, सदरा काढून, दुखरा खांदा सांभाळत, खोड छातीशी धरून पाय मारू लागले. मुद्दाम वेडेवाकडे. भूमिका त्यांना रागावत होती, "गुडघे काबरं वाकवता? सरळ ठेवा!" ते पोरासारखे खदखदून हसत होते.

"तुला कोणी शिकवलं गं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"आमच्या मयुरीवहिनीने. लग्न होऊन आली, तेव्हा पहिले तिने सासऱ्यांना तळ्यात दोर सोडायला लावला. मग आम्हाला शिकवलं. मागच्या वर्षी प्रमिलाकाकू मोटर बघताना पडल्या होत्या. दोराला धरून आपल्या आपण वर आल्या, आणि ओल्या साडीनिशीच भाकरी टाकायला बसल्या!"

पाण्यातल्या एका बाईने लाजून हात वर केला. त्याच प्रमिलाबाई.

भाऊंना राहवलं नाही. त्यांनी खोड सोडून दिलं आणि लांब हात मारत तळ्याच्या पार टोकाला गेले. खांद्यातून कळ आली, तरी थांबले नाहीत. काठावर उभ्या नूतनताई टाळ्या वाजवत होत्या.

"खोटारडे आबा!" भूमिका ओरडली, आणि सगळं तळं हसलं.

त्या दिवशी दोघं ऊन उतरेपर्यंत शिवारं फिरले. बऱ्याच तळ्यांना दोर होते, काहींना नव्हते. जिथे नव्हते, तिथल्या मालकाला भाऊ तिथल्या तिथे गाठत होते. नूतनताईंनी संस्थेला कळवलं, की किती मुलं शिकली याचा आकडा आता पुरे. शिकलेल्यांनी पुढे कोणाला शिकवलं आणि आपण न गेलेल्या गावांत काय बदललं, हे यापुढे विचारायचं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातून वर्गासाठी बोलावणं आलं, ते भाऊंना नव्हे. भूमिकाला.