ढोलीखालचा पाऊण तास

कुणाच्या तोंडचा घास अडवून काढलेला फोटो तुम्ही भिंतीवर लावाल का? चेन्नईतल्या आमच्या ऑफिसात तो लावलेला आहे. मांबलम स्टेशनाबाहेर वडाची पिकली फळं पायाखाली चिरडली, की त्या आंबूस वासाने मला ती सकाळ आठवते. वर्षावनातल्या लॉजवर आमची टीम गेली होती, बाकी सगळे पुण्या-नागपूरकडचे. तमिळ येणारी मी एकटीच, तंजावरच्या मराठी घरातली. वाटाड्याने उंच झाडावरची धनेश पक्ष्याची ढोली दाखवली. ढोलीचं तोंड लिंपून मादी पिल्लाबरोबर आत कोंडून घेते आणि नर फटीतून दोघांना भरवतो. नर आला, चोचीत वडाचं लाल फळ होतं. आम्हाला पाहून पंखांचा घोंघाट करत परत फिरला. दोनदा. "अम्मा, माणसं आहेत तोवर तो उतरणार नाही," वाटाड्या मला तमिळमध्ये म्हणाला. "आतली उपाशी आहेत. यांना चला म्हणा." "काय म्हणतोय गं तो?" कॅमेरा सरसावत टीम लीडरने विचारलं. माझी बढती त्याच्या हातात होती. एरवी अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारी मी म्हणाले, "शांत उभं राहा म्हणतोय." आम्ही पाऊण तास उभे राहिलो. वाटाड्याने नंतर माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या फोटोत तो नर परत फिरतो आहे आणि फळ अजून त्याच्या चोचीत आहे. जंगलात वाटाड्या "चला" म्हणाला, की लगेच निघा. आणि त्याचं म्हणणं तुम्हालाच इतरांना सांगायचं असेल, तर ते पूर्ण सांगा.